बालवाडीतल्या मुलांना वाचायला कसं शिकवायचं: आधी कान, मग अक्षर

जून उजाडला, शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी आई दारात थांबते आणि हळू आवाजात विचारते, "ताई, शेजारच्यांचा मुलगा सगळी बाराखडी लिहितो हो, आमच्याला अजून क पण काढता येत नाही, काय करू?" मी बरीच वर्षं बालवाडीत शिकवतेय आणि माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो, "लिहिण्याचं राहू द्या, रात्री त्याला गोष्ट सांगता का, त्याच्याशी गप्पा किती होतात?" त्यांना वाटतं मी विषय टाळतेय. पण विषय तोच आहे, वाचायला शिकणं डोळ्यांच्या कितीतरी आधी कानात सुरू होतं, आणि ज्या मुलाच्या कानात भरपूर शब्द आहेत त्याला अक्षर ओळखायला वेळ लागत नाही, आणि ज्याच्या कानात शब्दच नाहीत त्याने बाराखडी पाठ केली तरी तो वाचत नाही, नुसता म्हणतो.

म्हणणं आणि वाचणं यातला फरक मला एका मुलीने दाखवला. मोठ्या गटात आली तेव्हा भिंतीवरचा तक्ता धाडधाड म्हणायची, अननसाचा अ, आईचा आ, सगळं ओळीने. आई-वडील खूश. एक दिवस मी कोऱ्या कागदावर नुसता घ काढला आणि विचारलं हा कोण, तर तिने कागद उलटा करून मागे बघितलं आणि म्हणाली "घर कुठेय?" चित्र नाही म्हटल्यावर तिच्यासाठी ते अक्षरच नव्हतं. आणि तक्त्यावर एडक्याचं चित्र होतं तिथे ती रोज आत्मविश्वासाने "शेळीचा ए" म्हणायची, कारण तिच्या घरी शेळी होती, एडका हा शब्द तिने कधी ऐकलेलाच नव्हता. तक्त्यावरचे बाकीचे शब्द बघा ना, ईडलिंबू, ऐरण, उखळ, क्षत्रिय. आजच्या चार वर्षांच्या पोराने यातलं काय बघितलंय? म्हणून पहिलं काम हे करा की तक्ता भिंतीवर राहू द्या पण शिकवायला त्याच्यावर अवलंबून राहू नका, मुलाच्या तोंडात जे शब्द आधीच आहेत तिथून अक्षर काढा.

आता कानाचे खेळ. याला ना पाटी लागते ना पुस्तक, आणि हे तीन-साडेतीन वर्षांपासून सुरू करता येतं. भाजीची पिशवी घ्या, एकेक भाजी बाहेर काढायची आणि नावाला टाळ्या वाजवायच्या, ब-टा-टा तीन टाळ्या, के-ळी दोन, टो-मॅ-टो तीन. कोथिंबिरीला मुलं तीन टाळ्या वाजवतात, को-थिं-बीर, आणि मोठी माणसं लगेच म्हणतात अगं चार, र राहिला. राहू दे. कानाला तीनच ऐकू येतात, चार अक्षरं आपल्याला दिसतात कारण आपण ते लिहिलेलं बघितलंय. या टप्प्यावर मुलाचा कान बरोबर आहे, त्याला खोडू नका.

टाळ्या जमल्या की पहिला आवाज. इथे एक बारीक गोष्ट आहे जी मला फार उशिरा कळली. मी आधी विचारायचे "म ने सुरू होणारं काय काय?" आणि मीच उदाहरणं द्यायचे मीठ, मुळा, मेथी, मोहरी, आणि मुलं गोंधळून बघायची. कारण त्यांच्या कानाला मी, मु, मे, मो हे चार वेगळे आवाज आहेत, त्या सगळ्यांच्या आत एक म लपलाय हे आपल्याला लिपीमुळे माहीत, त्यांना नाही. त्यापेक्षा मका, मटकी, मसूर, मसाला घ्या, हे चारही सरळ म ने सुरू होतात, डबे समोर ठेवा, हात लावून म्हणा. आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी मूल आपणहून म्हणतं "ताई, मामा पण!" तेव्हा समजायचं की कान तयार व्हायला लागला.

शेवटच्या आवाजासाठी आपल्याकडे भेंड्या आहेतच, गाण्यांच्या नको, शब्दांच्या, बाबा म्हटलं की ब वरून बस, आणि सगळ्यांनी मिळून खेळायचं, हरणं-जिंकणं नाही. यमकाचा खेळ पण मुलांना प्रचंड आवडतो, नाक, कान नाही, नाक, बाक, चाक, आणि मग ती गाक, झाक काहीही जोडतात आणि हसून लोळतात. अर्थ नसलेला शब्द आला तर थांबवू नका, उलट तो फार चांगला, त्याचा अर्थ असा की मूल अर्थ बाजूला ठेवून नुसता आवाज धरू शकतंय, वाचायला नेमकं हेच लागतं. मोठ्या गटाच्या शेवटी शेवटी "कमळ मधला क काढला तर काय उरलं?" असं विचारता येतं. मळ! ज्याला हे जमलं त्याची तयारी झाली म्हणा.

कानाचे खेळ चालू असतानाच, ते संपायची वाट न बघता, मुलाचं नाव लिहायला घ्या. जगातला कुठलाही शब्द मुलाला स्वतःच्या नावाइतका प्रिय नसतो. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद घरोघर पडलेले असतात, त्यांची कोरी बाजू वापरा, काळ्या जाड स्केचपेनने नाव लिहा, अक्षर निदान चार बोटं उंच, आणि चित्र अजिबात नको. आमच्याकडे सकाळी दारातच चपलेच्या खोक्यात सगळी नावं ठेवलेली असतात, आत येताना प्रत्येकाने आपलं नाव शोधून भिंतीवरच्या खिशात लावायचं, तीच हजेरी. पहिले काही दिवस सगळं खोकं उलटंपालटं होतं, वेळ जातो, दहा-दहा मिनिटं जातात, जाऊ देत. महिनाभरात मुलं स्वतःचं सोडून मैत्रिणीचं पण नाव काढून द्यायला लागतात, आणि समीर आणि समीक्षा दोघं भांडतात की हे स माझं आहे. त्या भांडणात जेवढं शिकून होतं तेवढं माझ्या फळ्यावर होत नाही.

घरी करत असाल तर नावाच्या जोडीला आई, बाबा, आजी, ताई, घरातल्या मांजराचं नाव, अशी पाच-सहा कार्डं पुष्कळ झाली. ती डब्यांवर, खुर्चीवर, कपाटावर चिकटवत बसू नका. चिकटवलेल्या कार्डाकडे दोन दिवसांनी कुणी बघत नाही, हातात घेता येणारं कार्ड बरं.

मग अक्षरं. क ख ग घ ङ या क्रमाने शिकवू नका एवढं मी हात जोडून सांगते. तो क्रम आवाजाच्या शास्त्राप्रमाणे फार सुंदर लावलेला आहे, घशापासून ओठांपर्यंत, पण तो वाचायला शिकण्यासाठी लावलेला नाही. क ख ग घ ङ पाच अक्षरं शिकून मूल एकही कामाचा शब्द वाचू शकत नाही, आणि ङ ने सुरू होणारा तर शब्दच नाही, ञ चं तसंच, ण आणि ळ साठी तक्त्यात सुद्धा बाण आणि बाळ असं शेवटचं अक्षर दाखवावं लागतं. आणि बाराखडीचं गणित बघा, 34 व्यंजनं गुणिले 12 म्हणजे 408 आकार, एवढं सगळं पाठ झाल्यावर वाचायचं म्हटलं तर पोर आधीच कंटाळणार.

त्यापेक्षा म, क, ल, ब, स ही पाच घ्या, जोडीला काना आणि आ. बस्स एवढंच. आता बघा काय काय होतं. बस, मामा, काका, बाबा, मला, लाल, काल, बाक, बसा, कमल, आला. आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मूल फळ्यावर "मामा आला" हे अख्खं वाक्य वाचतं. वाक्य! मी ते लिहून गप्प उभी राहते. कुणीतरी ओठ हलवत मा... मा... आ... ला करतं आणि मग एकदम अर्थ लागतो आणि ते दाराकडे बघतं, खरंच कुणाचा मामा आलाय का. मला वाटतं पूर्ण वर्षात याच्याइतका मोठा क्षण दुसरा नसतो, त्यासाठी पाच अक्षरांवर महिना गेला तरी चालेल.

अक्षरांच्या पुढच्या गटात न, र, घ, त आणि दुसरी वेलांटी, सोबत ई. लगेच आई, मी, घर, नाक, कान, रात, काकी, आणि "आई घरी आली" तयार. दुसरी वेलांटी आधी आणि पहिली नंतर का, तर दोन कारणं. एक तर मराठीत शब्दाच्या शेवटी बहुतेक वेळा दीर्घच येते, आई, काकी, घरी, पाणी, भाजी, म्हणजे मुलाला ती पावलोपावली भेटते. दुसरं, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते पण बोलताना नंतर येते, "कि" बघून मुलं "इक" म्हणतात आणि त्यांचं काही चुकत नाही, डावीकडून उजवीकडे वाचायला आपणच शिकवलेलं असतं. पहिली वेलांटी शिकवताना आधी नुसतं अक्षर काढा, क, मग त्याच्या डोक्यावर डावीकडून छत्री धरा. मुलांनी स्वतः छत्री धरली की हे लवकर बसतं. त्याच्यानंतर मात्रा, उकार, अनुस्वार, घाई न करता, एका वेळी एकच, आणि दर वेळी त्या चिन्हाचे शब्द वाचायला देऊनच पुढे जायचं.

अक्षरं जोडून वाचताना एक चूक आपण सगळे करतो, "बअ... सअ... काय झालं सांग?" असं तोडून तोडून विचारतो. मुलाला बअसअ ऐकू येतं, बस नाही. आवाज तोडू नका, ओढा, बऽऽस, बोट खालून सरकवत. मराठीत शब्दाच्या शेवटचा अ आपण बोलतच नाही, घर म्हणतो, घरअ नाही, करतो मधला र पण अर्धाच बोलतो. हे मुलाला समजावून सांगायचं नसतं, पण शब्द त्याच्या ओळखीचा असेल तर तो स्वतःच घरअ वरून घर वर येतो, म्हणूनच मी पुन्हा पुन्हा म्हणते की ओळखीचेच शब्द द्या. च आणि ज चं पण असंच, चाक मधला च वेगळा आणि चिमणी मधला वेगळा, जागा आणि जीभ, दोन्ही आवाज शब्दांतून ऐकवा, नियम सांगू नका.

सारखी दिसणारी अक्षरं एकत्र कधीच शिकवू नका. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, ट ठ ढ, प फ ष, य आणि थ. घ पहिल्या काही महिन्यांत आला तर ध दिवाळीनंतर. मी मुलांना सांगते घ च्या डोक्यावर पूर्ण छप्पर आहे म्हणून तो घराचा, ध चं छप्पर तुटलंय आणि तिथे गाठ मारलीये. ख मध्ये मुलांना र आणि व दिसतात, तेव्हा खालचा जोड जाड काढून दाखवा. आणि एक लक्षात ठेवा, बऱ्याच मोबाइलवर ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात, आपल्या पुस्तकातल्या ल श पेक्षा वेगळे, मूल गोंधळतं आणि आपल्याला कळत नाही का गोंधळलं. सुरुवातीला हाताने काढलेलं किंवा मराठी पुस्तकात छापलेलं अक्षरच दाखवा.

लिहिण्याबद्दल थोडक्यात सांगते. साडेचार वर्षांच्या बोटांत पेन्सिल धरून रेघेत लिहायची ताकद आलेली नसते, वाचन पुढे गेलेलं असतं आणि हात मागे असतो, हे बरोबरच आहे. पान भरून क क क लिहायला लावून मुलाला वाचनाचा पण राग येतो. ताटात तांदूळ किंवा रवा पसरा, बोटाने गिरवू द्या. कणकेच्या वळ्यांची अक्षरं करा, चिंचोके मांडा, अंगणात पाण्यात बुडवलेल्या ब्रशने मोठं अक्षर काढू द्या, उन्हात ते वाळून जातं आणि परत काढता येतं. दसऱ्याच्या पाटीपूजनाला सरस्वती काढतोच आपण, त्या रेघा म्हणजे हात वळवायचा उत्तम सराव. अक्षर आधी, डोक्यावरची रेघ शेवटी, हा क्रम मात्र पहिल्यापासून लावा.

आता गोष्टीची पुस्तकं, आणि इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण इथेच सगळ्यात कमी होतं. रोज एक गोष्ट वाचून दाखवा, सांगून नाही, पुस्तकातून वाचून, मूल मांडीवर किंवा शेजारी, पान दोघांना दिसेल असं, आणि तुमचं बोट शब्दांखालून सरकत राहू दे. मोठी अक्षरं, पानावर एक-दोन ओळी, असं पुस्तक हवं. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकं स्वस्त असतात, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट मिळतात, छापून घेता येतात. तीच गोष्ट वीस वेळा मागितली तर वीस वेळा वाचा. आठव्या-नवव्या वेळी ओळीचा शेवटचा शब्द सोडून द्या आणि थांबा, मूल भरतं. मग बोट त्या शब्दावर टेकवा. ते पाठ म्हणतंय असं वाटेल, पण बोट आणि शब्द एकत्र यायला लागले की त्या पाठांतरातूनच वाचन निघतं. तक्ता पाठ म्हणणं आणि गोष्ट पाठ म्हणणं यात हाच फरक आहे, गोष्टीत अर्थ धरून ठेवतो.

पुस्तक नसेल तर करा. दोन कोरे कागद मधोमध दुमडले की आठ पानांचं पुस्तक होतं. मुलाला विचारा आज काय झालं, ते जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत एका पानावर एक वाक्य असं लिहा, चित्र त्याने काढायचं. एका मुलाने मला सांगितलं होतं, "मनीनं दूध सांडलं. आजी वरडली. मनी पळाली." मी वरडली असंच लिहिलं. दुसऱ्या ताई म्हणाल्या ओरडली लिहा ना, अशुद्ध कशाला. पण त्याच्या आजीने वरडलीच म्हटलेलं असतं, आणि तो ते वाचणार कारण ते त्याचं आहे. मी ओरडली लिहिलं असतं तर पानावर त्याच्या ओळखीचा नसलेला एक शब्द बसला असता. प्रमाण मराठी पुस्तकांतून हळूहळू येते, पहिलीत दुसरीत येते, पण घरची बोली चुकीची असं पाचव्या वर्षी ऐकलेलं मूल वर्गात बोलायचंच बंद होतं. अहिराणी असो, मालवणी असो, वऱ्हाडी असो, आधी तिला मान द्या.

हे काही माझं डोकं नाही. बालशिक्षणाचं मोठं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली डहाणूजवळच्या बोर्डीला आणि नंतर कोसबाडला वारली आदिवासी मुलांबरोबर हेच केलं, मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, तिथूनच अंगणवाडी, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा नेली ती कुरणशाळा. चिंचोके, शंख-शिंपले, पानं, बिया, आसपास मिळेल ते सगळं शिकवायचं साहित्य. आज आपण ऑनलाइन महागडे किट मागवतो, मला ते बघून वाईट वाटतं, कारण आपल्याच मातीत केवढं काम होऊन गेलंय.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांचे पालक विचारतात मराठी वाचन आत्ता सुरू केलं तर गोंधळ होईल का. नाही होत. मराठीत अक्षर जसं दिसतं जवळजवळ तसंच बोललं जातं, त्यामुळे चिन्ह म्हणजे आवाज ही गोष्ट मराठीतून लवकर पटते आणि ती समज इंग्रजीतही उपयोगी पडते. घरी मराठी बोलत असाल तर मराठीपासूनच सुरू करा. फक्त दोन्ही लिप्या एकाच बैठकीत नकोत.

वेळ किती द्यायचा, तर रोज पंधरा मिनिटं, त्यात पाच मिनिटं कानाचा खेळ, पाच मिनिटं कार्डं, बाकी वाचायला द्यायचं. गोष्ट वेगळी, ती रात्री झोपताना. आंघोळ-नाश्ता झाल्यावरची वेळ चांगली, संध्याकाळी दमलेल्या मुलाला बसवू नका. मूल जांभई द्यायला लागलं की कार्डं खोक्यात, मग तीनच मिनिटं झालेली असली तरी. आणि चुकलं तर "नाही, चूक" असं म्हणण्याऐवजी तो शब्द बोट फिरवत तुम्हीच एकदा वाचा आणि पुढे चला.

त्या दारातल्या आईला मी शेवटी हे पण सांगते की नवीन शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षं हा सगळा मिळून एकच पायाभूत टप्पा धरलाय, 2021 साली सुरू झालेलं निपुण भारत अभियान पण तिसरीपर्यंत समजून वाचता यावं असं म्हणतं. तुमचं पोर पाच वर्षांचं आहे. अजून पुष्कळ वेळ आहे. मात्र सर्दी-खोकला सारखा होत असेल, हाक मारली तरी बघत नसेल, टीव्हीच्या अगदी जवळ जात असेल तर कान आणि डोळे डॉक्टरांना दाखवून घ्या, मी दोन मुलं अशी बघितलीत ज्यांना सगळे मंद म्हणत होते आणि त्यांना नीट ऐकूच येत नव्हतं.

जोडाक्षरं बालवाडीत शिकवत नाही मी, पण नावातली येतातच. स्वरा, प्रणव, आर्या, श्रेया, हल्ली बऱ्याच मुलांच्या नावात असतात. ती फोड करून सांगायची नाहीत, स् अधिक व वगैरे नाही, स्व म्हणजे स्व, एक अख्खं चित्र. गेल्या वर्षी आमची एक छोटी नावातला तो स्व घेऊनच फिरायची. एक दिवस वर्ग चालू असताना घंटागाडी आली, खिडकीतून गाडीवरची मोठी अक्षरं दिसली आणि ती उठून ओरडली, "ताई, माझा स्व! गाडीवर!" गाडीवर "स्वच्छ" हा शब्द लिहिलेला होता. अशा वेळी हातातला पाठ ठेवून द्या आणि मुलांना घेऊन बाहेर जा. आम्ही सगळे गाडीपाशी गेलो, गाडीवाल्या दादांनी दोन मिनिटं थांबवली, आणि सगळ्यांनी एकेक करून त्या स्व वर बोट फिरवून घेतलं.